गप्प बसणाऱ्याचं शील

६ फेब्रुवारी २०२३. वार सोमवार. सकाळी 'महानगरी टाइम्स' या दैनिकात राजापूरची एक बातमी आली. रिफायनरीच्या समर्थनाच्या बॅनरवर पंतप्रधान, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री यांच्या रांगेत ज्या माणसाचा फोटो झळकतोय त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत, असं त्या बातमीत होतं. बातमी लिहिली होती शशिकांत वारिशे यांनी. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावचा माणूस. वय ४८.

त्याच दिवशी दुपारी कोदवलीच्या पेट्रोल पंपापाशी, मुंबई-गोवा महामार्गावर, एका थार गाडीनं वारिशेंच्या दुचाकीला उडवलं आणि त्यांना फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात ते वारले. पोलिसांनी ज्याला अटक केली तो त्याच बातमीतला माणूस होता. जमिनीच्या व्यवहारातला, रिफायनरीचा समर्थक. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. राज्यभरचे पत्रकार उठले तेव्हा खुनाचं लागलं. निवाडा करणं कोर्टाचं काम, ते माझं नाही. पण सकाळी बातमी आणि दुपारी मरण, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की माणसाची झोप जाते. माझी गेली. आणि ती का गेली हे सांगायला मी लिहायला बसलोय.

मित्रांनो, आपल्या एका बैठकीत हा विषय निघाला होता. तेव्हा एक जण बोलला, "वारिशे आपले होते का?" म्हणजे जात विचारत होता. मी त्यांची जात शोधली नाही. शोधायला नको असं नाही, जात शोधावीच लागते या देशात. पण इथं मला ती लागत नव्हती. दुसरा बोलला, "रिफायनरी झाली असती तर आपल्या पोरांना काम मिळालं असतं, मग आपण कशाला विरोधकांच्या पंगतीत बसायचं?" हा प्रश्न मात्र खरा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला जमीन वाचवा म्हणणाऱ्याचा राग येतो. आंबा-काजूच्या बागा कुणाच्या? त्यांत काम कोण करतं? हे सगळं विचारलंच पाहिजे.

पण विचारणार कसं? रिफायनरी हवी की नको हे ठरवायला आधी माहिती हवी. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करायचा प्रकल्प, ३ लाख कोटी रुपये खर्चाचा, असं सांगत आधी नाणारला आणला. तिथं लोक उठले, २०१९ साली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग नाव आलं बारसू-सोलगावचं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायाबापड्या उन्हात जमिनीवर आडव्या झाल्या, त्यांना पोलिसांनी उचलून नेलं. ज्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं चित्रं कोरून ठेवलीत त्याच कातळावर हे घडलं. एवढ्या मोठ्या उलाढालीत जमीन कुणी घेतली, कधी घेतली, कुणाकडून आणि काय भावानं घेतली, कोण दलाल, त्याच्यामागे कोण, हे कुणी तरी खोदून काढायला हवं की नको? समर्थकालाही हे कळायला हवं आणि विरोधकालाही. भूमिहीनाला तर सगळ्यात आधी, कारण त्याच्या वाट्याची नोकरी कागदावर आहे की नुसती भाषणात, हेही त्या खोदण्यातूनच कळतं.

या खोदण्याला मोठ्या पेपरात शोधपत्रकारिता म्हणतात. शब्द भारी आहे, पण त्यातला 'शोध' आपल्या घरचा आहे. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीबांनी समाज काढला त्याचं नाव सत्यशोधक. सत्यपूजक नाही, शोधक. सत्य कुणी आयतं आणून देत नाही, ते शोधावं लागतं, हे त्या नावातच आहे. आणि त्याच्याही कितीतरी शतकं आधी बुद्धानं कालामांना सांगितलं होतं की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, तपासून बघा. आपण हे वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो आणि घरी जातो. पण हेच जर कुणी तालुक्याच्या कचेरीत, पोलीस ठाण्यात, कंत्राटदाराच्या दारात करायला लागला तर? तर त्याला थारखाली जावं लागतं.

बातमी न तपासता छापली की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. एकटे भैयालाल उरले. आणि सुरुवातीच्या बातम्यांत काय आलं? अनैतिक संबंध. जमिनीचा वाद नाही, जात नाही, अनैतिक संबंध! गावानं जे सांगितलं, पोलिसांनी जे लिहून घेतलं, ते पेपरवाल्यानं उतरवलं. खोटं बोलायची त्याला गरजच पडली नाही. नुसतं विचारायचं सोडून दिलं आणि चार मुडद्यांवर आणखी एक बलात्कार झाला, शाईनं. पुढं आपले कार्यकर्ते, सत्यशोधन समित्यांची माणसं तिथं गेली, घर बघितलं, शेत बघितलं, माणसांशी बोलली. नोव्हेंबरात आपली पोरं रस्त्यावर उतरली. तेव्हा कुठं मोठ्या पेपरांना खैरलांजी नकाशावर सापडली. आणि पहिलं खोटं इतकं चिवट की कोर्टातही ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली गेली, २०१० साली हायकोर्टानं ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, पण जातीमुळे मारलं हे कायद्याच्या कागदावर आलंच नाही.

म्हणून मी म्हणतो, तपासणं ही पेपरवाल्याची हौस नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही, ओळख नाही, त्याच्याजवळ खरं एवढंच भांडवल असतं. ते लुटलं की तो पुरता लुटला.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. दुसऱ्याच्या पापावर बोट ठेवायला काय लागतं? आता माझं सांगतो.

मी सूतगिरणीत कामाला आहे. गिरणीचं नाव, गाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी कार्डिंग खात्यात रात्रपाळीला एका पोराची बोटं गेली. उजव्या हाताची तीन. पोरगा बदलीवरचा, एकोणीस-वीस वर्षांचा. यंत्र चालू असताना त्याला कापूस काढायला लावलं होतं. फिरत्या भागावर झाकण हवं, तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ते स्पष्ट होतं. पण झाकण कित्येक दिवस काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, कारण झाकण काढघाल करण्यात वेळ जातो आणि उत्पादन पडतं. हे मला माहीत होतं. त्या पाळीतल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोटं गेल्यावर अर्ध्या तासात झाकण जागेवर बसलं. ते बसवणाऱ्या माणसाला स्क्रू मी दिले. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

दोन दिवसांनी गेटावर एक बातमीदार आला. तरुणच होता, मोटारसायकलवरून आलेला, खांद्याला झोळी. चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं, "दादा, झाकण होतं का हो त्या मशीनला?" बरोबर प्रश्न विचारला होता त्यानं. म्हणजे त्याला कुणी तरी काही तरी सांगितलं होतं. त्याला फक्त दुसरा माणूस हवा होता, एकाच्या सांगण्यावर छापायचं नाही म्हणून. मी म्हटलं, "मला काय माहीत नाय." आणि चहा अर्धा टाकून निघालो.

त्याच्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या. निष्काळजीपणामुळे कामगार जखमी. कुणाचा निष्काळजीपणा? वाचणारा समजणार, कामगाराचाच.

त्या रात्री खोलीवर मी खैरलांजीचा विचार केला. पेपरवाल्यांना आपण शिव्या घालतो, मनुवादी म्हणतो, विकले गेले म्हणतो. त्यातले बरेच आहेतही. पण ह्या पोरानं काय चुकवलं होतं? तो आला होता, त्यानं विचारलं होतं. ती दोन ओळींची खोटी बातमी त्यानं लिहिली की मी?

आपण पंचशील घेतो. चौथं शील, खोटं बोलणार नाही. मी लहानपणापासून म्हणत आलोय. माझा प्रश्न एवढाच आहे की माहीत असून 'माहीत नाही' म्हणणं तर खोटं झालंच, पण नुसतं गप्प बसणं? तोंडातून शब्दच काढला नाही तर शील मोडतं का?

एक मित्र म्हणाला, "गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. गरिबाला पोट आहे. तू बोलला असतास तर दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. तुझ्या आयेला औषध कोण देणार?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पोट भरलेला माणूस उपाशी माणसाला धैर्य शिकवतो ते मला पटत नाही. प्रत्येकानं वारिशे व्हावं असं म्हणणं हाही एक जुलूमच आहे. मरणारा मरून जातो, आणि आपण त्याच्या फोटोला हार घालून मोकळे होतो.

पण मी असा विचार केला. माझ्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला? गप्प बसून जर कुणाचंच नुकसान होत नसेल, तर तो माझा खाजगी मामला. पण माझ्या गप्प बसण्यावर कुणी तरी दुसरा खोटं रचत असेल, आणि ते खोटं त्या पोराच्या नुकसानभरपाईच्या आड येत असेल, तर माझं मौन म्हणजे त्या खोट्याची विटच. बोलणाऱ्यानं तोंड वापरलं, मी माझं तोंड उसनं दिलं. म्हणून मला वाटतं, होय, शील मोडतं. कायम नाही, सगळीकडे नाही. पण जिथं आपल्या मौनावर दुसऱ्याचं खोटं उभं राहतं तिथं मोडतंच.

आणि शोधणाऱ्याचं मरण इथूनच सुरू होतं. वारिशे एकटे का पडले? गावात ज्या गोष्टी पन्नास जणांना माहीत असतात त्या एकट्याच्या नावानं छापून येतात, तेव्हा मारणाऱ्याला सोपं होतं. एक माणूस संपवला की बातमी संपली. त्याच पन्नास जणांनी तोंड उघडलेलं असलं तर किती थार आणणार? महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ साली कायदा झाला, देशातला तसला पहिला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा होता तरी वारिशे गेले. कायद्याचं कलम माणसाच्या आडवं येऊन उभं राहात नाही. आडवी माणसंच उभी राहतात.

मग पोट सांभाळून आपण काय करू शकतो? बरंच काही. शोध म्हणजे सिनेमातल्यासारखा छुपा कॅमेरा नव्हे. बहुतेक वेळा तो कागद असतो. सातबारा काढा. सातव्या नमुन्यात मालकी बघा, इतर हक्क बघा. सहाव्या नमुन्यात फेरफार बघा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे कोणत्या तारखेला गेली ते कळेल. दुय्यम निबंधकाकडून सूची दोन मिळते, त्यात किंमत कळते. आपल्या कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला, कित्येक वारलेले. तिथंच दलालाचं फावतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर, नाही दिलं तर अपील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं त्यात 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारायची वाट रुंद केली, हे खरं. म्हणून तर अर्ज करणारे जास्त हवेत, कमी नाहीत.

आणि हे आपल्याला परकं नाही. आपल्या बापजाद्यांच्या महार वतनाच्या जमिनी कुठं गेल्या हे कितींनी बघितलंय? वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, जमिनी वर्ग दोनच्या भोगवट्यानं आल्या, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरी विकल्या जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे ४० एकरांचा व्यवहार उघडा पडला. ३०० कोटींचा सौदा आणि मुद्रांक शुल्क ५०० रुपये! कुणी तरी कागद बघितले म्हणून ते बाहेर आलं. न बघितलेले किती असतील?

आता थोडं आपल्याबद्दल, कारण शोध नुसता शत्रूच्या घरात करायचा नसतो. आपल्याच पुढाऱ्याचा कंत्राटदाराशी घरोबा असेल, आपल्याच वाडीतल्या समाजमंदिराच्या पैशाचा हिशेब लागत नसेल, तर आपण छापणार का? की 'चळवळीची बदनामी नको' म्हणून झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवणार? दुसरं, मोबाइलवर आलेलं काहीही पुढं ढकलणं हा शोध नव्हे. आपल्या बाजूचं खोटंही खोटंच. ज्या दिवशी आपली एक बातमी खोटी ठरेल त्या दिवशी आपल्या शंभर खऱ्या बातम्या ते खोट्या ठरवतील. आणि तिसरं, ज्यानं आपल्याला सांगितलं त्याचं नाव प्राण गेला तरी फोडायचं नाही. खरं बोलणं म्हणजे गरिबाला उघडं पाडणं नव्हे.

आपली परंपरा याच मातीतली आहे. दापोलीत राहणारे पेन्शनर सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' काढून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. गिरणीत नोकरी केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू' चालवला, आणि १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही घेतली नव्हती. नाव बघा, मुक्यांचा नायक. पण मुक्यांनी कायम मुकंच राहावं म्हणून ते नाव नव्हतं.

महाडनंतर, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. बॅरिस्टर माणूस, मोबदला नाही, मदतनीस नाही, पेपर कर्जात. तेव्हा त्यांनी वाचकांपुढं सरळ प्रश्न ठेवला की या पत्राचं ऋण हे लोकांचं ऋण नाही का? १९२९ साली पेपर बंद पडला. उत्तर काय मिळालं ते त्यावरून कळतं. तो प्रश्न आपल्या पिढीपर्यंत तसाच आलाय. शोधणाऱ्याचं ऋण कुणी फेडायचं? वर्गणी भरणं हा त्याचा छोटा हप्ता. मोठा हप्ता म्हणजे विचारल्यावर माहीत आहे ते सांगणं, आणि तो संकटात आला की त्याच्या बाजूला जाऊन उभं राहणं.

मागच्या महिन्यात मी त्या पोराकडे गेलो. तो गावाकडे असतो, डाव्या हातानं जेवायला शिकलाय. मी त्याला सगळं सांगितलं, झाकणाचं, स्क्रूचं, टपरीवरचं. म्हटलं, आता बोलायचं म्हणतोय, पण तुझी परवानगी असली तरच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं, भावा." राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर मला हलकं वाटलं असतं.

त्यानं हो म्हटलं. त्या दिवशीच्या अपघाताचा गिरणीनं दिलेला अहवाल आणि त्यावर झालेली तपासणी, यांची प्रत मागणारा अर्ज मी माझ्या नावानं कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात टाकलाय. त्या रात्री मी काय बघितलं आणि काय केलं ते तारखेसह लिहून दोघा मित्रांकडे ठेवलंय. नोकरी राहील की जाईल ठाऊक नाही. भीती गेली असंही नाही, रात्री गाडीचा आवाज आला की दचकतो.

अर्जाला आज अकरावा दिवस. तिसाव्या दिवशी कार्यालयात जायचंय. ज्यांना जमेल त्यांनी बरोबर या.

जय भीम.